कोलोस्टॉमी इरिगेशनचा संच: धुणं, वाळवणं आणि प्रवासात नेणं

पोटाच्या डाव्या बाजूला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उतरत्या किंवा सिग्मॉइड (शेवटच्या, वळणाच्या) भागावर कायमची कोलोस्टॉमी (मळ बाहेर यायला पोटावर काढलेलं मोठ्या आतड्याचं तोंड, त्या तोंडालाच स्टोमा म्हणतात) आहे, आणि सर्जन किंवा स्टोमा नर्सनी परवानगी देऊन, समोर बसवून इरिगेशन, म्हणजे स्टोमातून आतड्यात पाणी सोडून ठरल्या वेळी मळ बाहेर काढणं, शिकवलं आहे, अशांसाठी हे लिहिलंय. इलिओस्टॉमीवाल्यांनी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेल्यांनी) इरिगेशन करायचं नसतं. स्टोमा बाहेर घसरत असेल, शेजारी हर्निया असेल, किमो-रेडिएशनमुळे जुलाब चालू असतील किंवा हृदय-मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय संच विकतही घेऊ नका. पाणी कसं सोडायचं ते तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जाऊ. इथे विषय आहे तो संच टिकवण्याचा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हा संच लवकर बाद होतो, आणि त्यात वापरापेक्षा बोअरच्या जड पाण्याचा आणि उन्हाचा वाटा मोठा असतो.

संचात वस्तू मोजक्याच. दीड-दोन लिटरची पाण्याची पिशवी, तिची नळी, नळीवर प्रवाह कमी-जास्त करायचं चाक, टोकाला स्टोमात धरायचा शंकूसारखा मऊ कोन, मळ भांड्यात नेणारी, दोन्हीकडे उघडी लांब प्लास्टिकची स्लीव्ह, ती धरायला चकती आणि पट्टा, खालचं तोंड बंद करायला चिमटा. कोलोप्लास्ट, हॉलिस्टर, कॉन्वाटेक या कंपन्यांचे संच दिसायला सारखे असतात, पण एकाचा कोन दुसऱ्याच्या नळीवर घट्ट बसेलच असं नाही. सुटा भाग मागवताना जुना भाग किंवा त्याच्या पाकिटावरचा नंबर दुकानदाराला दाखवा.

धुण्याची सुरुवात स्लीव्ह अंगावर असतानाच होते, आणि निम्मं काम तिथेच उरकतं. सगळं पाणी आणि मळ बाहेर आला की स्लीव्हचं वरचं तोंड उघडून मगभर साधं, गार पाणी आत ओता, खालचं टोक भांड्यात सोडलेलं असू द्या, आणि वरून खाली हाताने निपटत न्या. असे दोन-तीन मग. पहिलं पाणी गरम घेऊ नका. गरम पाण्याने मळातली प्रथिनं प्लास्टिकला चिकटून बसतात आणि मग जो वास धरतो तो साबणाने जात नाही. गार पाण्याने मळ निघाल्यावरच कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. स्लीव्ह उलटी करायची गरज नसते. दोन्ही टोकं धरून आतलं साबणाचं पाणी खालीवर हिंदकळवा, सांडा, स्वच्छ पाण्याने दोनदा विसळा. घासणी, काथ्या, ब्रश वापरू नका. ओरखड्यांत मळ बसतो आणि वासही तिथूनच सुरू होतो.

ज्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं तिथे लोक या धुण्यात हात आखडता घेतात. पण तीन-चार लिटरमध्ये सगळं नीट होतं. अट एकच, लगेच धुवायचं. संध्याकाळपर्यंत तसाच ठेवलेला संच बादलीभर पाण्यातही साफ होत नाही.

कोन नळीपासून सोडवा आणि बोटाने आतबाहेर साबण लावून धुवा. त्याचं भोक उजेडाकडे धरून बघा. कोन सहज सरकावा म्हणून लावलेली जेल तिथे सुकून बसते, आणि पुढच्या वेळी पाणी अडखळत येतं तेव्हा दोष चाकाला दिला जातो. जेल पाण्यात विरघळणारीच हवी. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल धुतल्यावरही तवंग सोडतं, शिवाय काही प्रकारचं रबर-प्लास्टिक त्याने फुगतं.

पिशवी आणि नळीत मळ जात नाही, म्हणून बरेच जण त्या धुतच नाहीत. नळी आतून ओलसर आणि कोमट राहते, बुरशीला आणखी काय लागतं? रोज वापरून झाल्यावर पिशवीत अर्धा लिटर स्वच्छ पाणी घालून चाक पूर्ण उघडून वाहू द्या. आठवड्यातून एकदा हेच साबणाच्या पाण्याने करा, आणि मागोमाग फेस दिसेनासा होईपर्यंत साधं पाणी सोडा. साबणाचा अंश आतड्याच्या अस्तराला झोंबतो आणि कळा येतात. म्हणूनच पुढच्या वेळी कोन लावण्याआधी थोडं पाणी भांड्यात सोडून द्यायचं. त्याने नळीतली हवाही निघून जाते.

आता वाळवणं. पिशवी रिकामी करून टांगा, कोन काढलेला, नळी सरळ खाली लोंबती, चाक उघडं. चाक आवळून ठेवलं तर नळी त्याच जागी चपटी होते आणि पुढे प्रवाह आवरत नाही. स्लीव्ह दोरीवर घडी घालून टाकली की घडीत पाणी राहतं, तेव्हा एका टोकाला चिमटा लावून उभी टांगा. जागा सावलीची आणि वाऱ्याची. गच्चीवर मात्र नको. उन्हाने जंतू मरतात हे खरं, पण तेच ऊन प्लास्टिक पिवळं आणि कडक करतं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे असताना महिनाभर गच्चीवर वाळवलेली नळी वाकवली की तिला चिरा दिसतात. आपल्याकडची उन्हाळ्यातली कोरडी हवा सावलीतही तास-दीड तासात सगळं वाळवते. त्रास होतो तो श्रावण-भाद्रपदात. तेव्हा पंख्याखाली टांगा. नळीत थेंब अडकले असतील तर दोन्ही टोकं मोकळी ठेवून नळी हातात धरून गरगर फिरवा, थेंब उडून जातात. पुरतं वाळल्याशिवाय प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका. सुती पिशवी सगळ्यात बरी.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या पिशवीत पांढरा थर धरतो. तो चाकापाशी आणि कोनाच्या भोकात आधी दिसतो. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी करून ते पिशवी-नळीत भरा, चाक बंद करून अर्धा तास ठेवा, मग वाहून जाऊ द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. स्लीव्हला वास धरला असेल तर तीही याच पाण्यात बुडवता येते. महिन्यातून एकदा पुरे, पाणी फारच जड असेल तर पंधरवड्याने. व्हिनेगरच्या जोडीला ब्लीच किंवा संडास धुवायचं ब्लीचवालं लिक्विड कधीही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

डेटॉल, फिनाईल, स्पिरिट यांचा इथे उपयोग नाही. त्यांचा वास आणि अंश प्लास्टिकमध्ये मुरतो, आणि तोच पुढच्या पाण्याबरोबर आतड्यात जातो. आपल्याला संच स्वच्छ हवा आहे, निर्जंतुक नाही. आतडं स्वतःच जंतूंनी भरलेलं असतं. म्हणून उकळायचीही गरज नाही, बहुतेक संच उकळल्यावर वाकडे होतात. एकाचा संच दुसऱ्याने वापरायचा नाही, हे मात्र कडक पाळा.

कोन कडक झाला, त्याची कड फाटली किंवा खरखरीत लागली तर त्याच दिवशी बदला. स्टोमाचं अस्तर नाजूक असतं, लगेच रक्त येतं. नळीत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी असते. ती धुऊन काढायच्या भानगडीत न पडता नळी टाकून द्या. पिशवीचा तळ शिवणीत पाझरू लागला की चिकटपट्टी लावून चालवू नका. स्लीव्हचं वेगळं असतं. काही एकदाच वापरायच्या असतात, काही धुऊन बरेच दिवस चालतात. पाकिटावर काय लिहिलंय ते आधी बघा.

पाण्याचा नियम साधा आहे, जे पिता तेच वापरा. आतड्यातून थोडं पाणी शरीरात शोषलं जातंच, म्हणून न पिण्याजोगं बोअरचं, टँकरचं किंवा विहिरीचं पाणी इरिगेशनलाही चालत नाही. उकळून निववलेलं किंवा जारचं वापरा. पाणी ३६ ते ३८ अंशांचं हवं. इथे खान्देशातला एक धोका माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं नळाचं पाणी गीझर न लावता हात पोळवतं. स्टोमाला वेदना कळवणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे आत भाजलं तरी तुम्हाला समजणार नाही. हाताच्या अंदाजावर न जाता शंभर-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर पिशवीत बुडवून बघा. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलटं. टांगून ठेवलेलं पाणी मिनिटागणिक निवत जातं, आणि गार पाण्याने पेटके येतात. तेव्हा ३८ ला भरा आणि लगेच सुरू करा.

प्रवासाचं ठरवताना आधी आतड्याच्या वेळेचा विचार करा. इरिगेशन २४ किंवा ४८ तासांनी, ठरलेल्या वेळी करायचं असतं, आणि ही सवय लागायला सहा-आठ आठवडे जातात. सवय लागायच्या आत आखाजीला लेकीकडे किंवा लांबच्या लग्नाला निघणार असाल तर स्टोमावर मळ गोळा करणारी पिशवी लावूनच जा. सवय असली तरी निघायच्या दिवशी घाईत उरकू नका. पहाटे पाचची एसटी असेल तर आदल्या संध्याकाळी करा. घाईत पूर्ण पाणी बाहेर येत नाही, आणि राहिलेलं पाणी बसमध्ये येतं. एरवी स्टोमा कॅप (स्टोमावर बसवायचं छोटं झाकण) लावणाऱ्यांनीही प्रवासात खालून रिकामी होणारी पिशवी लावावी. ढाब्यावरच्या तर्रीदार शेवभाजीचा मोह अनावर असतो, पण ती मुक्कामी पोचल्यावर खा.

सामान हातातल्या बॅगेत, डिकीत किंवा बर्थखालच्या मोठ्या बॅगेत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत चकतीचा चिकट थर मऊ होऊन पसरतो, मग ती त्वचेवर टिकत नाही. बॅगेत संच, एक जादा कोन, दोन जादा स्लीव्ह, स्टोमावर लावायच्या, लागतील त्याच्या दुप्पट पिशव्या, जेल, थर्मामीटर, चिमटे, काळ्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, एक मग, एस आकाराचा हुक आणि दोन मीटर सुती दोरी. चकत्यांची भोकं घरूनच कापून घ्या. विमानाने जायचं असेल तर टोकदार कात्री केबिन बॅगेत चालत नाही, ती मोठ्या सामानात टाका आणि डॉक्टरांचं पत्र खिशात ठेवा. सुरक्षा तपासणीत पोटाला हात लागायच्या आधीच स्टोमा असल्याचं सांगा आणि वेगळ्या खोलीत तपासणी मागा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

भुसावळहून मुंबईला तपासणीसाठी रेल्वेने सात-आठ तास लागतात. धावत्या गाडीत इरिगेशन करायचा विचारही नको. पाणी हलतं, कोन सुटतो, आणि बाहेर रांग लागते. मुक्कामी पोचूनच करा. वापरलेली पिशवी किंवा स्लीव्ह गाडीच्या संडासात टाकू नका, बायो-टॉयलेट तुंबतं. वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीला गाठ मारून कचऱ्याच्या डब्यात टाका.

लॉजमध्ये खरी अडचण हुकाची असते. पाण्याच्या पिशवीचा तळ बसल्यावर तुमच्या खांद्याच्या पातळीला हवा, आणि मोरीच्या दाराचा हुक त्याहून बराच वर असतो. तिथेच टांगली तर पाणी जोराने जातं आणि कळ येते. दोरी बांधून पिशवी खाली घ्या. दोरी त्यासाठीच आहे. कळ आलीच तर चाक बंद करा, कोन तसाच धरा, दीर्घ श्वास घ्या, थांबल्यावर हळू सुरू करा.

नातेवाइकांकडे भारतीय पद्धतीचा संडास असेल तर प्लास्टिकचा स्टूल भांड्याच्या मागच्या बाजूला ठेवून बसा आणि स्लीव्हचं टोक भांड्यात सोडा. उकिडवं बसून करू नका, पोट दाबलं जातं आणि पाणी आत जात नाही. घरात एकच संडास आणि कानबाईला वीस पाहुणे, अशी वेळ असेल तर तासभर आत बसायची गरज नाही. पहिला मोठा लोट दहा-पंधरा मिनिटांत येतो. मग स्लीव्ह आतून विसळायची, खालचं टोक दुमडून चिमटा लावायचा, ते वर पट्ट्यात खोचायचं आणि बाहेर यायचं. सैल लुगडं, लेंगा किंवा गाऊन असेल तर कोणाला कळत नाही. उरलेलं अर्ध्या तासाने रिकामं करा. चालत-फिरत राहिल्याने ते उलट लवकर येतं.

सोडलेलं पाणी परत आलंच नाही, तर पुन्हा पाणी सोडू नका. उन्हातल्या प्रवासात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि आतडं ते शोषून घेतं. भरपूर पाणी प्या, पिशवी लावा, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी करा. पोट फुगून दुखत असेल, उलटी होत असेल आणि वायूही सरत नसेल, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठा. प्रवासात जुलाब लागले तर इरिगेशन पूर्ण थांबवा, पिशवी लावा, ओआरएस घ्या. मळ पुन्हा घट्ट झाल्यावरच संच बाहेर काढा, आणि बरेच दिवस बंद राहिला असेल तर वापरण्याआधी नळीतून अर्धा लिटर पाणी सोडून घ्या.