आमची टाकी कधी भरलीच नाही

"आमची सेप्टिक टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही," हे मी लोकांना कौतुकानं सांगायचो. वडिलांनी मोठी बांधली म्हणून, असं कारणही मीच ठरवून टाकलं होतं.

आमच्या वाईत २०१८ पासून टाक्या वेळापत्रकानं, दर तीन वर्षांनी उपसायची पद्धत सुरू झाली. तुंबल्यावर फोन करायचा नाही. गाडीच आळीआळीनं येणार. पहिल्या फेरीला मी "भरली की कळवतो" म्हणून गाडी दारातून परत घालवली. दुसऱ्या फेरीआधी चौकशीला आलेल्या पोरानं मात्र विचारलं, "काका, टाकीचं पाणी बाहेर कुठं सोडलंय?"

गटारात. आणि गटार कुठं जातं, हे वाईत कुणाला सांगावं लागत नाही. कृष्णेचा घाट दोन मिनिटांवर आहे.

पोरगं चांगलं समजावून सांगणारं होतं. टाकी पहिल्या थोड्या दिवसांतच भरते आणि कायम भरलेलीच राहते. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर पडतं. जड मैला तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी तेवढं पुढं जायचं. तळातला गाळ वाढला की पाण्याला थांबायला जागाच उरत नाही, मग मैलाही पाण्याबरोबर निघतो. "तुमची भरली नाही, कारण ती रोज गटारात रिकामी होतीय."

मी गप्प.

उपसायचं ठरलं, पण झाकण कुठाय? २०१२ साली मीच हौसेनं अख्ख्या अंगणात फरशी घातलेली. आई ठामपणे म्हणाली, "तुळशीच्या उजव्या हाताला." तुळस आम्ही फरशीच्या वेळीच हलवली होती, हे तिच्या लक्षात नव्हतं. दोन फरश्या त्यात फुकट गेल्या. मग गवंड्यानं पहार उभी धरून हातहात अंतरावर ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. मोटारसायकल लावतो तिथं 'ढब्ब' झालं.

झाकण निघाल्यावर गवंडी बिडी तोंडात धरून आत वाकला, तसा गाडीवरचा माणूस जवळजवळ ओरडलाच. आतला वायू पेट घेतो, आणि नुसत्या वासानंही माणूस जागेवर कोसळतो. "तळ खरवडायला कुणी उतरेल का?" असं मीही विचारून बसलो होतो. "कुणी उतरायचं नाही. २०१३ चा कायदा आहे," एवढंच तो म्हणाला आणि बोळातून पाइप ओढत आणला. वरची साय वाळलेल्या शेणासारखी घट्ट होती. ती बांबूनं ढवळून फोडावी लागली, तेव्हा कुठं पंपानं ओढलं. तळात थोडा गाळ मुद्दाम ठेवला; मैला कुजवणारे जिवाणू त्यातच असतात. ॲसिड, फिनेल बेतानं वापरा, हेही बजावलं. गाडीतला माल दिवसाला सत्तर हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रावर जातो.

अर्धा तासही लागला नसेल. झाकण शोधण्यात दीड दिवस गेला होता.

आता तिथं फरशी नाही, कड्या असलेलं नवं झाकण आहे. त्यावर काही ठेवायचं नाही, असं आईला बजावून सांगितलंय. काल बघितलं तर पापड वाळत होते.