गोधडीतले हात

टीवायच्या वर्गात त्या दिवशी अकराच जण होते. तूर काढणीला आली की आमच्या कॉलेजात हजेरी अशीच असते. विषय शीतयुद्ध. मी दरवर्षीप्रमाणे फळ्यावर लिहिलं : १२ मार्च १९४७, ग्रीस आणि तुर्कस्तान, ४० कोटी डॉलर. महायुद्धात खंक झालेल्या ब्रिटनने फेब्रुवारीतच हात वर केले होते, ग्रीसमध्ये कम्युनिस्ट गनिमांशी यादवी पेटली होती, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांच्या संसदेकडे पैसा मागितला. त्यांचे उपपरराष्ट्रमंत्री अ‍ॅचेसन यांचं सफरचंदांचं उदाहरणही सांगितलं : पिंपातलं एक नासलं की बाकीची नासायला वेळ लागत नाही, तसंच एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचे. मग युरोप पुन्हा उभा करायची मार्शल योजना, सोळा देश, चार वर्षांत साधारण १३०० कोटी डॉलर.

"मॅडम, एवढं फुकट वाटायला त्यांना परवडलं कसं?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

उत्तर द्यायच्या आत पहिल्या बाकावरच्या मुलीने पिशवीतून गोधडी काढली. मिलोबद्दल, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल ज्वारीबद्दल, घरी विचारून या, असं मी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. बाकीचे मोकळ्या हातांनी आले होते, ही पुरावा घेऊन आली.

एका कोपऱ्यात वरचं लुगडं विरून आतला थर उघडा पडला होता. जाड, पिवळट सुती कापड. त्यावर फिकट निळी-तांबडी ढाल, पट्टे, चांदण्या आणि एकमेकांत गुंतलेले दोन हात. मजकूर इंग्रजीत होता, अर्धा टाक्यांखाली गेलेला. अमेरिकेच्या जनतेकडून भेट, विकू नये, एवढं लागलं. त्या मुलीच्या आजीचे वडील शाळेत शिपाई होते. मुलांच्या खाऊसाठी पीठ यायचं, रिकाम्या पिशव्या त्यांच्या वाटणीला. ती ढाल मुळात मार्शल योजनेच्या मालावर छापायला काढलेली, हात तिच्यावर नंतर आले. वीस वर्षं मी हा धडा शिकवते, पण ती खूण बोटाखाली पहिल्यांदाच आली.

तिने आजीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. वर्गात मोबाइल नको हा माझाच नियम, पण असो.

"आजी, ती लाल ज्वारी अमेरिकेने दिलेली ना?" मी विचारलं.

"दिली म्हंजे? रेशनला रांग लावून पैसे मोजले की बाई! भाकर थापायला गेलं की तुकडे पडायचे. लेकरं रडायची."

"आणि शाळेतलं पीठ?"

"त्ये फुकट होतं. बाकी काय बी फुकट नव्हतं."

वर्ग हसला. मी मात्र खडू खाली ठेवला. मागच्या बाकाला उत्तर मिळालं होतं, आणि तेही माझ्यापेक्षा नेमकं. पीएल ४८० हा परदेशांना धान्य पुरवायचा अमेरिकेचा कायदा १९५४चा. त्याखालचं बहुतेक धान्य आपण रुपयांत विकत घेत होतो. ते रुपये अमेरिकेच्या खात्यात इथेच साठायचे आणि त्यातले बरेचसे कर्ज-अनुदान म्हणून आपल्यालाच परत मिळायचे. युरोपातही साधारण हीच रीत. फ्रान्समधला माणूस अमेरिकन माल फ्रँक मोजूनच घ्यायचा, ते फ्रँक वेगळ्या निधीत जमा व्हायचे आणि कुठे खर्चायचे याला अमेरिकेची संमती लागायची. आपल्याकडचा साठा इतका फुगला की १९७४मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा चेक भारत सरकारला परत दिला.

"मग उपकार कसले?" मागचा बाक पुन्हा बोलला.

पैसे आपले, पण तोटी त्यांच्या हातात, असं मी म्हटलं. १९६५-६६च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षाचा करार न करता गहू थोडाथोडा सोडला. शेतीधोरण बदला हा आग्रह उघड होता, व्हिएतनामवरची आपली टीकाही त्यांना खुपत होती. जहाज लागलं की थेट ताटात, अशी गत. आमच्या पुस्तकात या सगळ्याला दोन ओळी आहेत, सफरचंदांना अख्खा परिच्छेद.

माझीही एक चूक तेव्हाच उघडी पडली. बहात्तरची मिलो म्हणजे अमेरिकेचं दान, असं मी इतकी वर्षं सांगत आले. डिसेंबर १९७१च्या युद्धात अमेरिकेने मदत रोखली होती. आजी नवी नवरी म्हणून खडी फोडायला जात होती, तेव्हाचं बरंचसं परदेशी धान्य सरकारने रोख मोजून आणलेलं. १९७३मध्ये रशियाने २० लाख टन गहू दिला, तोही उसना. दान शोधायचं तर ते त्या कोपऱ्यातल्या पिशवीत होतं, आणि तिच्यावर तसं छापलेलंही होतं.

तास संपला. बर्लिनची नाकेबंदी शिकवायची तशीच राहिली. ती गोधडी विभागातल्या काचेच्या कपाटात ठेवू का, असं मी मुलीला विचारलं.

"नको मॅडम," ती घडी घालत म्हणाली. "आजीला रात्री पायावर हीच लागते. संध्याकाळच्या एसटीने परत न्यायचीय."