ओळखलंस का?

डोळ्यांत थेंब घालून घेतले की बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे मिटून बसायचं असतं. दुसरं करण्यासारखं काही नसतंच. त्या दुपारी मी असाच बसलो होतो आणि शेजारी कुणीतरी येऊन बसलं. खुर्ची कुरकुरली, पिशवीची चेन सरकली, एक झाकण फिरलं आणि मलमाचा भपकारा आला. झालं, माझ्या डोक्यात बाई तयार. साठीची, चष्मेवाली, गुडघ्यांनी बेजार. कुणी सांगितलं होतं का? पण आवाज आणि वास आले की त्यांच्या अंगावर चित्र चढवल्याशिवाय आपल्याला राहवत नाही.

आत्याचंही आधी असंच व्हायचं. मी लहान असताना तिची नजर हळूहळू गेली, आणि मला मिसरूड फुटायच्या आत पूर्ण गेली. पहिली काही वर्षं आवाज आला की पाठोपाठ चेहरा यायचा, असं ती सांगते. मग चेहरा उशिरा यायला लागला. मग नुसतं कपाळ, केसांचा भांग. मग तेही नाही.

"वाईट वाटलं असेल ना तेव्हा?" मी एकदा विचारलं होतं.

"कळलंच नाही रे. एक दिवस लक्षात आलं, बरेच दिवस झाले कुणाला पाहिलेलं नाही."

जॉन हल नावाचे प्राध्यापक बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात शिकवत. ऐन मध्यमवयात त्यांची दृष्टी गेली. १९८३ पासून त्यांनी आपले अनुभव कॅसेटवर बोलून ठेवले. त्यांच्या मनातून बायको-मुलांचे चेहरे पुसट होत गेलेच, पण इंग्रजी तीनचा आकडा कुठल्या बाजूला उघडा असतो हेसुद्धा हवेत बोट फिरवून पाहावं लागे. बदल्यात पाऊस आला. दार उघडून उभं राहिलं की कौलांवरचा पाऊस वेगळा, झुडपावरचा वेगळा, फरसबंदीवरचा वेगळा. सगळी बाग कानांनी पुन्हा आखून मिळायची. खोलीतही पाऊस पडला तर काय बहार होईल, असं त्यांना वाटे.

सगळ्यांचं असं होतं म्हणावं, तर ऑस्ट्रेलियातले झोल्टन टोरी आडवे येतात. १९५१ साली, एकविसाव्या वर्षी, कारखान्यातल्या अपघातात ॲसिडने त्यांचे डोळे गेले. चित्रं विसरा, कानांवर भिस्त ठेवा, असा सल्ला मिळाल्यावर या गृहस्थांनी हट्टाने उलटंच केलं. मनातली चित्रं रोज घासूनपुसून लख्ख ठेवली. पुढे स्वतःच्या घराच्या छपराची पन्हळ त्यांनी एकट्याने बदलली, तीही रात्री. छपरावर अंधारात वावरणारा आंधळा माणूस बघून शेजाऱ्यांची पाचावर धारण बसली. त्यांना अंधाराचं काय!

आत्या हलसाहेबांच्या पंथातली. तिने चित्रं जाऊ दिली आणि आवाजांचं बस्तान बसवलं. घरातल्या प्रत्येकाच्या किल्ल्यांचा जुडगा तिला वेगवेगळा ऐकू येतो. आणि म्हणूनच मला एका प्रकारच्या माणसांचा भयंकर राग येतो. ही मंडळी आत येतात, समोर उभी राहतात, आवाज थोडा घोगरा करतात आणि लाडात विचारतात, "ओळखलंस का? ओळख बघू कोण!" का ओळखावं? आपण रस्त्यात भेटलेल्या डोळस माणसासमोर तोंड झाकून उभे राहतो का? आत्याने पायरीवरच्या चपलेवरून केव्हाच ओळखलेलं असतं. पण ती विचार केल्यासारखं करते आणि आलेल्या माणसाचं ज्याच्याशी हाडवैर आहे, नेमकं त्याचं नाव घेते. पुन्हा कोणी परीक्षा घेत नाही.

याच मंडळींचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, "तुमची बाकीची इंद्रियं फार तीक्ष्ण झाली असतील, नाही?" वासाच्या बाबतीत तरी तसं काही नसतं. अंध आणि डोळस माणसांचे मोठे गट घेऊन चाचण्या झाल्या, तेव्हा नाकं सारखीच निघाली. कानांचं प्रकरण वेगळं. लहानपणीच दृष्टी गेलेल्यांना स्वरांतले बारीक फरक जास्त चांगले कळतात. जन्मांध माणसं शब्द आठवत असताना मेंदूच्या मागचा, एरवी बघण्याचं काम करणारा भाग कामाला लागतो, असंही २००३ साली दिसून आलं. रिकामी पडलेली खोली घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बळकावावी, तसं.

अर्धवट उघड्या दारापाशी आत्या बरोबर थबकते. "गालाला कळतं," म्हणते. अशा अंध लोकांना घेऊन १९४४ साली कॉर्नेल विद्यापीठात प्रयोग झाला. त्यांचे चेहरे झाकले, तरी ते भिंतीच्या अलीकडे थांबले. कान बुजवले आणि भिंतीवर आदळले. म्हणजे पावलांचा परतलेला आवाज ऐकू येत होता आणि श्रेय गालाला मिळत होतं. मी हे सगळं उत्साहाने आत्याला सांगितलं.

"असेल बाबा. मला गालालाच कळतं."

वास मात्र तिच्याही ताब्यात नाही. कुणाच्याच नसतो. आवाज थोडाफार आठवून आणता येतो, वास हवा तेव्हा येत नाही. त्याला हवं तेव्हा येतो. आणि आला की फार मागे नेतो. शब्दावरून आठवणी काढायला सांगितल्या तर माणसं बहुतेक दहा ते वीस या वयातलं सांगतात. वासावरून आठवायला लागली की पहिल्या दहा वर्षांत जाऊन पोचतात. आत्याची ती दहा वर्षं पूर्ण डोळस होती. त्यामुळे गरम इस्त्रीखाली ओलसर कापड चुरचुरलं की तिला अजूनही क्षणभर निळं दिसतं. कुठला तरी झगा असावा. आधी झगा दिसायचा, त्यावरची नक्षी दिसायची. आता फक्त निळं. ते तरी निळंच आहे का, याची तिला खात्री नाही. मी विचारत बसत नाही.

आवाजाची एक गंमत आहे. डोळे गेले त्या दिवशी चेहऱ्यांची वयं थांबली. माझा जो काही चेहरा तिच्याकडे उरला असेल, तो शाळकरी पोराचा. पण आवाज वाढत राहतो आणि नवा आवाज जुन्यावर चढत जातो. माझा दहाव्या वर्षीचा आवाज तिला आता आठवत नाही. मलाही नाही.

बाबांचा मात्र आठवतो, म्हणते. तिचा धाकटा भाऊ. तिच्यापाशी आहे तो त्यांचा भरदार, जिन्याखालून हाक मारणारा आवाज, कारण शेवटच्या आजारपणात तिला प्रवास झेपला नाही आणि बाबांनी फोनवर बोलायचं टाळलं. त्या दिवसांतलं त्यांचं बोलणं माझ्या फोनमध्ये आहे. चारेक मिनिटांचं, धाप लागलेलं, ओळखू न येणारं. मधे एकदा ते तिचं नाव घेतात. हे आहे, एवढं तिला ठाऊक आहे. तिने कधी मागितलेलं नाही. मी ऐकवलेलं नाही. ऐकवावं की नाही, माझं ठरत नाही.