ओळंब्यात न राहणारी पिन : कंटेनरच्या चाकांच्या ब्रॅकेटची पाचवी नोंद

माझा वीस फुटी कंटेनर एका टोकाला फोर्कलिफ्टच्या काट्यांवर आणि दुसऱ्या टोकाला ब्रॅकेटने जोडलेल्या दोन चाकांवर पेलून शेडच्या मागे न्यायचा आहे. चौथ्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की पुढच्या वेळी कंटेनर शेडच्या मागे पोहोचलेला असेल. तसे झाले नाही. पहिल्याच चाचणीत काँक्रीटच्या पट्टीवर जेमतेम चौदा मीटर गेल्यावर दोन्ही चाकांच्या आतल्या कडेवरचे पॉलियुरेथेनचे आवरण सालीसारखे सुटून आले आणि डाव्या ब्रॅकेटचा हूक कोपऱ्याच्या कास्टिंगमध्ये (कंटेनरच्या कोपऱ्यातल्या, भोके असलेल्या ओतीव पोलादी ठोकळ्यात) इतका घट्ट अडकला की तो पहारीने काढावा लागला. तीन आठवडे मी याच एका प्रश्नापाशी अडलो होतो. गेल्या रविवारी तो सुटला, आणि कारण इतके साधे निघाले की ते तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी आणखी दोघे जण अशाच ब्रॅकेटच्या तयारीत आहेत.

मागच्या नोंदीनंतर विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वीस फुटी कंटेनरला बाजूने फोर्कलिफ्टचे काटे घालायचे खिसे असताना चाकांचा खटाटोप कशासाठी? माझा कंटेनर न्हावा-शेवाकडून आलेला जुना, सुमारे २,२५० किलोचा आहे आणि आतील रॅक व बाक धरून वजन तीन टनांच्या आसपास जाते. बाजूने उचलायचा तर रुंदी २,४३८ मिमी असल्यामुळे भाराचा मध्य काट्याच्या टाचेपासून (मुळापासून) १,२१९ मिमीवर येतो. भाड्याने मिळणाऱ्या तीन टनी फोर्कलिफ्टची क्षमता ५०० मिमीवर सांगितलेली असते. पुढच्या आसापासून काट्याच्या टाचेपर्यंतचे अंतर मी ४८० मिमी मोजले. त्या हिशेबाने १,२१९ मिमीवर तिच्याकडे सुमारे १,७०० किलोचीच ताकद उरते. म्हणजे रिकामा कंटेनरसुद्धा तिच्या आवाक्याबाहेर जातो. शिवाय मुख्य खिशांच्या मध्यांतील अंतर २,०५० मिमी असते आणि एवढे काटे फाकवणारी गाडी आमच्या भागात सहज मिळत नाही. म्हणून दाराकडचे टोक काट्यांवर आणि बंद भिंतीकडचे टोक चाकांवर, हीच रचना मला योग्य वाटते.

चाके फिरती का हवीत, हेही एका वाक्यात सांगतो. काट्यांवर टेकलेला कंटेनर आणि फोर्कलिफ्ट हे वळताना एकच ताठ शरीर असते, आणि पुढच्या आसाला समांतर असलेली स्थिर चाके मागच्या टोकाला बसवली तर त्या दोन आसांच्या रेषा कोठेच मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वळणावर चाके फरफटतात. फिरत्या कास्टरला, म्हणजे उभ्या पिनभोवती चहूकडे वळणाऱ्या चाकाला, पर्याय नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पहिल्या रचनेत ब्रॅकेट कंटेनरच्या लांब बाजूला होते. हूक कास्टिंगच्या बाजूच्या भोकात जाई, ब्रॅकेटची पाठ कास्टिंगच्या वरच्या कडेला टेके आणि कास्टर बाहेरच्या अंगाला १९० मिमीवर उभा राही. भार येताच ब्रॅकेटचा माथा कंटेनरकडे झुके व चाकाचा तळ बाहेर फाके. चुंबकी डिजिटल अँगल गेज कास्टरच्या पट्टीला लावले तर दोन अंशांहून अधिक कल दिसे. पन्नास मिमी रुंदीच्या चाकाला दोन अंश म्हणजे एका कडेला जवळपास पावणेदोन मिमीची फट. सारा भार आतल्या कडेवर. पॉलियुरेथेन का सोलले गेले, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

माझा पहिला संशय पोलादावर होता. बारा मिमीची प्लेट वाकत असावी असे समजून मी सोळा मिमीची कापून आणली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रोफाइल कटिंग उत्तम होते आणि कडा इतक्या स्वच्छ मिळतात की ग्राइंडरचे काम निम्म्यावर येते. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नाही. प्लेट बदलली, कल तसाच राहिला. मग वेल्डवर संशय गेला. सर्व सांधे खणून ७०१८ च्या वेल्डिंग रॉडने पुन्हा भरले. हे रॉड दमट असतील तर वापरू नयेत, भट्टीत तापवूनच घ्यावेत, हा माझा आग्रह आजही कायम आहे. मात्र या दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. कल पुन्हा दोन अंशांवरच आला.

तिसऱ्या आठवड्यात मी जे आधीच करायला हवे होते ते केले. दाबमापक लावलेल्या हायड्रॉलिक जॅकने कंटेनरचे टोक पेलून धरले आणि ब्रॅकेटवर भार हळूहळू येऊ दिला. दोनशे किलोला कल १.९ अंश भरला. सातशे किलोला, म्हणजे प्रत्यक्ष ओढताना एका चाकावर येणाऱ्या भाराला, तो २.३ अंश भरला. भार साडेतीनपट झाला आणि कल जेमतेम चार दशांश अंशाने वाढला. पोलाद वाकत असते तर कल भाराच्या प्रमाणात वाढला असता. म्हणजे वाकत काहीच नव्हते. ब्रॅकेट आपल्या मोकळीकीत सरकून बसत होते, आणि ते पहिल्या थोड्याशा भारालाच बसून जात होते.

मोकळीक कोठे होती? कास्टिंगच्या बाजूच्या भिंतीची जाडी साधारण सोळा मिमी, आणि हूक सहज घालता यावा म्हणून मी खाच अठरा मिमीची ठेवली होती. दोनच मिमी. परंतु कास्टिंगची उंची ११८ मिमी. हुकाचा मध्य आणि वरची टेकणारी कड यांत मला सुमारे ५५ मिमीची भुजा (तरफेची लांबी) मिळत होती. पंचावन्नावर दोन मिमी म्हणजे २.१ अंश. गेजवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला तेव्हा जो आनंद झाला, त्यासाठी तीन आठवडे खर्ची पडले याचे मला वाईट वाटत नाही.

त्याच हिशेबात दुसरी भीती दडलेली होती. सातशे किलो गुणिले १९० भागिले ५५, म्हणजे हुकावर सुमारे २,४०० किलोची ओढ. चाकावर सातशे किलो असताना हूक अडीच टनांच्या जवळपास ओढला जात होता. तो अडकला ते बरेच झाले. तुटला असता तर कंटेनरचे टोक जमिनीवर आदळले असते. ओढताना कंटेनरच्या आजूबाजूला माणूस उभा राहू द्यायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला आहे आणि आपणही पाळावा अशी विनंती करतो.

उपाय भुजा वाढवण्याचा होता. आता ब्रॅकेटच्या पाठीला ७५ मिमीच्या सी-चॅनेलचा उभा पाय जोडला आहे; तो कोपऱ्याच्या खांबाला समांतर वर जातो आणि हुकाच्या वर ४०० मिमीवर एका एम-२० (२० मिमी व्यासाच्या) बोल्टच्या टोकाला १०० बाय १०० ची जाड टिकली लावून खांबावर टेकतो. कास्टिंग खांबापेक्षा काही मिमी बाहेर असते, त्यामुळे तेथे सपाट प्लेट कधीच टेकली नसती. बोल्ट ती फट भरून काढतो. ओढ २,४०० वरून सुमारे ३३० किलोवर आली. आणि तीच दोन मिमीची मोकळीक आता चारशेवर पसरल्यामुळे कल ०.३ अंशावर आला. हूक बदलला नाही, प्लेट बदलली नाही. सोळा मिमीची प्लेट विनाकारण घेतली गेली एवढेच.

येथपर्यंत ब्रॅकेट लांब बाजूलाच होते. परंतु ओळंबा लावून पाहिल्यावर कास्टरची पिन दुसऱ्या दिशेने अजूनही कललेली दिसली. काटे जमिनीपासून १२० मिमीवर, त्यांची जाडी ४५, वर लाकडी ठोकळे १०० मिमीचे. दाराकडचे टोक २६५ मिमीवर राहते आणि चाकांकडचे ८० वर. अंगणाचा पावसाच्या पाण्यासाठी दिलेला उतार धरला तर फरक २५० मिमीपर्यंत जातो, म्हणजे सुमारे २.४ अंश. पिनचा माथा फोर्कलिफ्टपासून दूर झुकतो. याचा त्रास दिशा बदलताना होतो. कास्टर उलटा फिरतो तेव्हा चाक पिनच्या रेषेपासून ५५ मिमी बाजूला असल्यामुळे त्या अर्ध्या फेऱ्यात कंटेनरचे टोक जवळजवळ साडेचार मिमी उचलले किंवा सोडले जाते, आणि तो धक्का काट्यांपर्यंत जाणवतो.

मग लक्षात आले की ब्रॅकेट बाजूला ठेवण्याचा हट्टच चुकीचा होता. ते बंद भिंतीच्या टोकाला बसवले तर ब्रॅकेटचा स्वतःचा झोक आणि कंटेनरचा कल एकाच प्रतलात, पण उलट दिशांना येतात. एक दुसऱ्याला खोडतो, आणि किती खोडायचे ते एम-२० चा बोल्ट ठरवतो. चारशे मिमीवर २.४ अंश म्हणजे सतरा मिमी. अडीच मिमीचे आटे असल्यामुळे साधारण सात फेरे आत. टोकाच्या बाजूचे भोक अरुंद आहे, माझ्या मापाने ६३ मिमी, तर लांब बाजूचे ७९. म्हणून हुकाची मान पुन्हा घासून घ्यावी लागली. झुकायला जागा मिळावी म्हणून ब्रॅकेटची पाठ कास्टिंगपासून सहा मिमी मोकळी ठेवली. कंटेनरची रुंदी पुन्हा मूळ २,४३८ झाली, आणि माझ्या तीन मीटरच्या फाटकातून ब्रॅकेट न काढता जाण्याची सोय झाली, हा अधिकचा लाभ.

रविवारी ओळंबा पिनच्या दोन्ही बाजूंनी धरला. दोरी आणि पिन यांत वरपासून खालपर्यंत सारखेच अंतर होते. त्यानंतर तीच चौदा मीटरची पट्टी, माणसाच्या चालीने, दोन वेळा. चाकांच्या पूर्ण रुंदीवर धुळीचा सारखा ठसा उमटला होता. मी गुडघ्यांवर बसून तो बराच वेळ पाहत राहिलो.

कास्टरबद्दल एक मत नोंदवतो. पहिल्या जोडीवर हजार किलोची क्षमता छापलेली होती, परंतु वरची पट्टी सहा मिमीची होती आणि मधल्या पिनचे नट पहिल्याच भाराला सैल झाले. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. आता ओतीव लोखंडी गाभ्याचे, मधली पिन नसलेले आणि मोठ्या व्यासाच्या गोळ्यांच्या वाटेवर फिरणारे २०० मिमीचे कास्टर घेतले आहेत. तिरक्या भाराखाली हा प्रकार निर्विवादपणे चांगला आहे. किंमत दुपटीच्या पुढे गेली, तरी मी पुन्हा हेच घेईन. (पिन राहिली नाही तरी फिरण्याच्या उभ्या आसाला मी सवयीने पिनच म्हणतो आहे.)

चाचणीत एक गोष्ट फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या भाऊंनी दाखवली. ते म्हणाले, “साहेब, वजन काट्याच्या टोकावर बसलंय, टाचेवर न्हाई.” पाहिले तर खरेच होते. काटे आडवे आणि कंटेनरचा तळ पलीकडे उतरता, त्यामुळे तळ १,०७० मिमीच्या काट्यांच्या टोकांनाच टेकला होता. तेथे भार १,६०० ऐवजी १,८४० किलोच्या आसपास जातो, आणि तेवढ्या अंतरावर माझ्या हिशेबाने गाडीची क्षमता १,९०० किलो. ही सीमा फारच जवळची आहे. मास्ट (काटे वर-खाली नेणारा फोर्कलिफ्टचा उभा सांगाडा) पुढे झुकवणे मला मान्य नव्हते, म्हणून टाचेपासून २०० मिमीवर जाड ठोकळा आणि टोकाला काहीच नाही, अशी मांडणी केली. आपल्या गाडीच्या क्षमतेच्या पाटीवर जे लिहिले आहे तेच अंतिम मानावे. माझे आकडे माझ्या गाडीचे आहेत.

पुढचे काम असे ठरवले होते : दिशा बदलताना एक कास्टर डावीकडून आणि दुसरा उजवीकडून फिरतो, त्यामुळे हुकांवर आडवी ओढ येते, म्हणून दोन्ही कास्टर साखळीने जोडावेत. कोपऱ्यांच्या मध्यांत २,२५९ मिमीचे अंतर आहे, १२.७ मिमीच्या साखळीला सतरा दात्यांच्या चाकांसह ३७४ कड्या लागतील, असा हिशेबही मांडून झाला. परंतु हे लिहीत असतानाच भाऊंची दुसरी तक्रार आठवली. उतारावर कंटेनरचे शेपूट गटाराच्या बाजूला सरकू पाहते, कारण दोन्ही चाके मोकळी असल्यामुळे त्याला आडवे धरून ठेवणारे काहीच नाही. साखळी बसवली तरी शेपूट सरकणारच. फक्त दोन्ही चाके मिळून सरकतील.

त्याऐवजी कास्टरच्या फिरत्या पट्टीला दर नव्वद अंशांवर एक अशा चार खाचा आणि वरून स्प्रिंगची खुंटी असावी. सरळ ओढताना दोन्ही खुंट्या आत. वळणापूर्वी गाडी थांबवून, काटे आणि चाके स्थिर असल्याची खात्री करून त्या वर उचलून अडकवायच्या. सरळ पट्टीवर मागे-पुढे केले तरी चाक उलटे फिरणार नाही, म्हणजे साखळी ज्यासाठी हवी होती तो धक्काही जातो. नव्वद अंशांच्या खाचेमुळे टोक शेडच्या भिंतीकडे आडवे ढकलण्याची सोयही मिळेल. साखळीची मागणी अजून दिलेली नाही, ती आता देणार नाही.

खुंटीसाठी २० मिमीचा गोल बार घरात आहे. खाचांची पट्टी १२ मिमीची लागेल, आणि ती उरलेल्या जुन्या प्लेटमधूनच निघेल. शेडच्या मागची शेवटची नऊ मीटर मुरुमाची आहेत. तेथे २०० मिमीची चाके रुततील, म्हणून खाली चेकर्ड प्लेटचे तुकडे टाकून एक-एक पुढे नेत जाणार आहे. पुढच्या रविवारी दोन्ही खुंट्या बसल्या तर कंटेनर काँक्रीट संपते तेथपर्यंत नेऊन ठेवीन.