शेऱ्याचा हात: मोडी कागदांवरील अक्षरतुलना, आतापर्यंतची प्रगती

सध्याचं काम गोव्याच्या नव्या काबिजादींतल्या (पोर्तुगिजांनी नंतर जोडलेल्या मुलखातल्या) इनाम आणि देवस्थान वहिवाटीच्या मोडी कागदांवर चालू आहे, त्यातही समासातल्या शेऱ्यांवर. कागद अस्सल, मजकूर अस्सल, शिक्काही अस्सल. घुसडाघुसडी होते ती शेऱ्यात, कारण कोऱ्या समासात दोन शब्द वाढवणं सगळ्यात सोपं आणि वंशपरंपरेच्या हक्काला तेवढे पुरतात. म्हणून शेरा मजकूर लिहिणाऱ्याच्याच हातचा आहे का, हे ताडायचं.

नमुन्यांची पद्धत आता पक्की झाली आहे. स्कॅन ६०० डीपीआयवर, टिफमध्ये, चौकटीत मिलिमीटरची पट्टी ठेवून. जेपेग घेऊ नये, त्यात रेघेची कड फुटते आणि नेमकी तीच आपल्याला हवी असते. स्कॅनची परवानगी नसेल तिथे फ्लॅशशिवाय, कागदाला समांतर कॅमेरा धरून फोटो. मग मजकुरातलं एकेक अक्षर कापून तक्ता करायचा: क, ल, ज, र, स यांचे प्रत्येकी किमान १५ नमुने. शेऱ्यातलं अक्षर तक्त्यापुढे ठेवायचं ते यानंतरच. एकाच कारकुनाचा 'ल' एका पानात कितीतरी हिंडतो. ती हद्द माहीत नसेल तर 'हा ल वेगळा दिसतो' या वाक्याला काही किंमत नाही.

सारखेपणावर मात्र भरवसा टाकू नका. दप्तरातले कारकून एकच वळण गिरवून तयार झालेले, त्यामुळे दोघांचं अक्षर सारखं दिसलं तर ते एका तालमीतले, इतकंच कळतं. हात ओळखायचा तो आकारावरून नव्हे, चालीवरून. लेखणी कुठे टेकली, कुठून वळली, कुठे उचलली, अक्षर शिरोरेषेला चिकटतं की खाली लोंबतं, हे पाहायचं. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग अक्षरं लिहितात, पण आखूड शेऱ्यात ती कधी तुटक असते, कधी नसतेच. तेवढ्यावरून संशय घेऊ नये. ऱ्हस्व-दीर्घावर वेळ घालवणंही व्यर्थ, कारण मोडीत इकार सहसा दीर्घ आणि उकार ऱ्हस्वच लिहितात.

समासात जागा कमी, म्हणून अक्षरं दाटतात. रुंदीची तुलना करायचीच असेल तर पानाच्या शेवटच्या दाटीच्या ओळींशी करा, वरच्या ऐसपैस ओळींशी नाही.

बोरूच्या रेघेची जाडी दाबापेक्षा दिशेवर अवलंबून असते. टोक पुन्हा तासलं की रेघेची रुंदी बदलते, म्हणून रुंदीतला फरक पुरावा नव्हे. सर्वांत जाड रेघेचा कोन मात्र मोजावा. धरण्याची सवय आणि तासण्याची तऱ्हा तीच असेल तर तो फारसा हलत नाही. रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मध्ये फिकट पट्टा दिसला तर चिरलेल्या टोकाची लेखणी दाबून चालवलेली असते. पोलादी निबं सर्रास झाली १८२० नंतर, पण पिसाची लेखणीही अशी रेघ सोडू शकते, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नये.

शाईची लय जास्त बोलकी. बोरू दौतीत बुडवला की पहिली अक्षरं गडद, मग हळूहळू फिकट. सराईत हाताची ही भरती-ओहोटी बरीचशी नियमित असते. नक्कल करणारा थांबत, पाहत लिहितो. त्याच्या शेऱ्यात बुडी भलत्या ठिकाणी, कधी शब्दाच्या मध्येच पडते, रेघेची टोकं बोथट होतात आणि सोप्या वळणावरही पुन्हा गिरवल्याची खूण राहते. दहापट भिंगाखाली हे सहज दिसतं.

अक्षरापेक्षा पक्की साक्ष कधीकधी कागदच देतो. कसरीच्या भोकाने अक्षर स्वच्छ कापलं असेल तर लिखाण आधीचं. शाई भोकाच्या कडेला पाझरली असेल किंवा रेघ भोकाला वळसा घालून गेली असेल तर लिखाण नंतरचं. घडीचंही तसंच: लिखाण घडीनंतरचं असेल तर मोडलेल्या तंतूंत शाई घडीच्या रेषेने पसरते. यासाठी दिवा कागदाला जवळजवळ आडवा, १० ते २० अंशांवर धरा. ज्या जुन्या कागदांना दुरुस्तीत लॅमिनेशन झालंय तिथे ही तपासणी बाद. पृष्ठभाग सपाट होतो आणि थर स्वतःच चमकतो. गोव्याच्या दमट हवेत लोहयुक्त शाईभोवती तपकिरी छटा पसरते, ती घडीतल्या पाझरण्यासारखी भासते. छटा अक्षराच्या सगळ्या बाजूंनी असेल तर दोष हवेचा.

काजळाची शाई काळी राहते, लोहाची तपकिरी पडते. काळ्या मजकुरावर तपकिरी मोडी शेरा दिसला की लगेच बनावट म्हणणारे बरेच. पोर्तुगीज कचेरीत बसलेला मोडी कारकून समोरच्या लोहाच्या शाईच्या दौतीत बोरू बुडवू शकत होता, हे ते विसरतात.

तारीख ताडायची ती अक्षराच्या आधी, त्यात निम्मे कागद निकालात निघतात. शुहूर सनाचा (जुन्या मराठी कागदांतल्या, मृगाला सुरू होणाऱ्या सनाचा) इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढचा मृग लागेपर्यंत ६००. शेऱ्यातला शक आणि शुहूर जुळत नसतील तर आधी आपलं वाचन तपासा, संशय मग. मजकूर मोर्तबाच्या शिक्क्याने संपलेला असेल तर त्याखालची ओळ वेगळ्या रकान्यात.

निकालाचे रकाने तीन: एकच हात, वेगळा हात, सांगता येत नाही. आठ-दहा अक्षरांच्या शेऱ्याला बहुतेकदा तिसराच मिळतो.

आता सह्यांचा तक्ता बाकी आहे: पोर्तुगीज दस्ताखालच्या गावकारांच्या (गावच्या मूळ हक्कदारांच्या) मोडी सह्या. सही मजकुराशी ताडायची नाही, सहीशीच. क्वचित लेखणी धरणाऱ्याचा हात कापतो तो अवघड वळणावर, आणि त्याचा आकारही बिघडतो. आकार बिनचूक आणि रेघ मात्र सगळीकडे रेंगाळलेली असेल, ती सही बाजूला काढून ठेवा.