गॅलरीतला अकरावा

परवा दुपारी ओल्या शेंगा उकडत ठेवल्या होत्या. भाद्रपदाच्या सुमारास बाजारात मातीसकट शेंगा दिसायला लागतात आणि मी दरवर्षी लागतील त्याहून किलोभर जास्तच घेते. मीठ सढळ हाताने घातलं, झाकण अर्धवट ठेवलं, आणि तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर रीडेव्हलपमेंटचं नवं भांडण सुरू झालं, ते वाचत बसले. व्हायचं ते झालं. पाणी उतू गेलं, बर्नरवर चर्र झालं आणि इतका वेळ शहाण्यासारखी निळी जळणारी ज्योत एकदम पिवळी धमक झाली.

गॅस बारीक करायचा सोडून मी बघत राहिले. हळदीचा पिवळा नव्हे, लिंबाचाही नव्हे. जरासा नारिंगीकडे झुकलेला, अंगावर येणारा पिवळा. हा कुठला ते मला बघताक्षणी कळलं. ठाण्याला नौपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर खांब आहे, त्याच्या जुन्या दिव्याचा. खांब तोच आहे, दिवा बदलला. आता तिथे एलईडी आहे आणि रात्री खालून जाणाऱ्या मांजराच्या मिशासुद्धा मोजता येतात.

जुन्या दिव्याला उजेडापेक्षा नाटकं जास्त. दिवेलागणीला तो आधी मरतुकडा पांढरट लागायचा, मग गुलाबीसर व्हायचा, आणि आमचं शुभंकरोति, पाढे वगैरे उरकेपर्यंत रंगात यायचा. वीज जाऊन लगेच परत आली तरी हा लगेच पेटत नसे. घरोघरच्या ट्यूबा डोळे मिचकावून लागत आणि हा आपला काळाठिक्कर. ‘रुसला’ म्हणायचो आम्ही. आतली नळी निवल्याशिवाय त्याला पुन्हा पेटता येत नाही, हे फार पुढे कळलं. त्याच्या त्या रुसव्यात लपंडावाचे कितीतरी डाव फिरले आहेत.

त्या उजेडात रंग ओळखणं म्हणजे नशिबाचा भाग. लाल चॉकलेटी दिसायचा, निळा काळा दिसायचा, आणि माणसं सगळी कावीळ झाल्यासारखी. त्यावरून आमच्या घरात एक प्रकरण झालेलं आहे.

मी चौथीत होते. शाळेला निळ्या रिबिनी लागत आणि त्यातली एक मी हरवली. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आईने त्यांना जांभळी नाक्यावर पिटाळलं: नारळ, उदबत्ती आणि वारभर निळी रिबीन. हातगाडीवाल्याने रस्त्यावरच्या दिव्याखाली रीळ धरून मोजून दिली. “निळीच ना?” बाबांनी विचारलं. “एकदम निळी, साहेब.” दोघेही प्रामाणिक होते. त्या उजेडात निळी काय आणि जांभळी काय, दोन्ही सारख्याच काळ्या. घरी आईने ट्यूबखाली पुडी सोडली आणि कपाळाला हात लावला. “जांभळी नाक्यावरनं जांभळीच येणार,” ती म्हणाली. सकाळी सातची शाळा, बदलून आणायला वेळ कुठला. दुसऱ्या दिवशी एका वेणीला निळी, एकीला जांभळी अशी मी गेले आणि पहिला तास वर्गाबाहेर उभी राहिले.

बाबांचं म्हणणं कायम एकच. “निळीच आहे. दिव्याखाली बघून आणलीय.” ‘दिव्याखाली बघून आणलंय का?’ ही आमच्या घरातली म्हण होऊन बसली. किडलेली वांगी, गळका नळ, आत्याने सुचवलेलं स्थळ, सगळ्याला चालायची.

पुढे मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं. कॉलेजच्या डार्क रूममध्ये पहिल्यांदा न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल लावायला गेले, तर काळ्या पडद्यामागे लाकडी खोक्यात तोच पिवळा बसलेला. घरच्यापेक्षाही निर्भेळ. बोर्डावर लिहिलं होतं, सोडियम, 5893 अँगस्ट्रॉम, म्हणजे त्या पिवळ्याची तरंगलांबी. खरं तर त्या दोन रेषा आहेत, 5890 आणि 5896, पण आमच्या व्हर्नियरला एवढं बारीक झेपायचं नाही, म्हणून सरासरी. लॅबमधले काका बजावून गेले, “मध्येच बंद करू नका हां. गरम झालेला असतो, लगेच पेटायचा नाही.” रुसेल, मी मनात म्हटलं. मला आज स्वतःचा लॉकर नंबर आठवत नाही, पण 5893 झोपेतून उठवून विचारा.

सोडियमचा अणू मला फार लवकर आपला वाटला, कारण त्याचं घर आमच्या घरासारखं होतं. अकरा इलेक्ट्रॉन: दोन, आठ, एक. मे महिन्यात गावाहून माणसं आली की आमच्याकडे हीच मांडणी असे. दोघं स्वयंपाकघरात, आठजण बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने, आणि उरलेला अकरावा गॅलरीत. हा अकरावा बहुधा दामूकाका असायचे. आतले दहा ढाराढूर, पण रस्त्यावर कुठे खुट्ट झालं की दामूकाका उठून कठड्याशी. सोडियमचंही सगळं गॅलरीतल्या या अकराव्यामुळेच चालतं. ज्योतीची ऊब लागली किंवा विजेचा धक्का बसला की तो वरच्या जागी जातो, तिथे सरासरी 16 नॅनोसेकंद रेंगाळतो आणि खाली येतो. उतरताना जे हातचं सोडतो तो पिवळा. शेंगांच्या पातेल्याखाली परवा हेच चाललं होतं.

वहीत आम्ही रुपयाचं नाणं ठेवून इलेक्ट्रॉनच्या कक्षा गिरवायचो. नील्स बोर या शास्त्रज्ञाने 1913 मध्ये मांडलेलं ते चित्र. बारा वर्षांनी, 1925 च्या जूनमध्ये, हायझेनबर्ग नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा गवताच्या परागांनी नाक-डोळे सुजले म्हणून हेल्गोलँडच्या उघड्याबोडक्या बेटावर जाऊन राहिला आणि तिथल्या खाऱ्या हवेत त्याने कक्षाच पुसून टाकल्या. जी वाट कुणाला कधी दिसत नाही ती काढायचीच कशाला, अंगणात पडलेल्या प्रकाशावरून हिशेब करा, असा त्याचा खाक्या. शंभर वर्षं उलटून गेली, तरी शाळेतली पोरं अजून नाणी ठेवून गोल काढतायत. माझी मुलगीही काढायची. मी काही बोलले नाही. गोल छान यायचे तिचे.

यात मला सगळ्यात आवडतं ते त्या उतरण्यातलं बेभरवशीपण. सरासरी पक्की, पण हा अमुक इलेक्ट्रॉन नेमका कोणत्या क्षणी उतरेल हे कुणालाही सांगता येत नाही. आपलं घड्याळ कमी पडतं म्हणून नव्हे. ते आधी ठरलेलंच नसतं. 1917 मध्ये आइन्स्टाइनने या उतरण्याचं गणित मांडलं, तेव्हाच त्याला ते खुपलं होतं: वेळ आणि दिशा दोन्ही योगायोगावर सोडावी लागतायत. आईला खुपलं नसतं. बाबांची सेकंड शिफ्ट असली की ते साधारण साडेअकराला यायचे. नक्की कधी, ते विचारायचं नाही. ती पोळ्या झाकून ठेवायची आणि गॅलरीत जाऊन उभी राहायची, आणि त्या पिवळ्या उजेडात कोपऱ्यावरून वळणारा प्रत्येक माणूस लांबून बाबांसारखाच दिसायचा.

मिठाचं म्हणाल तर ते आमच्या बाजूला आहेच पाचवीला पुजलेलं. लहानपणी बसने मुंबईला जाताना मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागरं लागायची, पाण्याचे चौकोन आणि कडेला पांढरे ढीग. रात्री परतताना हायवेवरचे सोडियमचे दिवे त्या पाण्यात पडलेले असायचे. खाली मीठ, वर मिठातलाच धातू जळतोय, आणि मध्ये पेंगुळलेली मी.

बन्सेन आणि किर्शहॉफ यांनी 1859 च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये ज्योतींचे रंग त्रिकोणी लोलकातून फोडून बघायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना या मिठाचा फार जाच झाला असणार. कशाचीही ज्योत बघा, पिवळी रेघ हजर. हवेतल्या धुळीत मीठ, बोटांना मीठ, घामात मीठ. ती सोडियमची खूण आहे हे ओळखायला माणसांना इतकी वर्षं लागली ती यामुळेच. जो सगळीकडे असतो त्याच्यावर संशय येत नाही.

आता एक तक्रार करून घेते. विजयदुर्गावर गेलं की ‘सायबाचे कट्टे’ दाखवतात आणि सांगतात, लॉकियरसाहेबाने इथे उभं राहून हेलियम शोधला. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसलं हे खरं, आणि ते बघायला साहेब लोक आले होते हेही खरं. पण लॉकियर तेव्हा आपल्या घरी इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या कडेची ती पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. ती सोडियमच्या दोघींच्या अगदी शेजारी, पण त्यांच्यातली नव्हे, म्हणून तिसरी धरली आणि सूर्याच्या नावावरून हेलियम म्हटलं. पृथ्वीवर तो सापडायला 1895 उजाडलं. हे सगळं मी गडावर गाइडला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या घोळक्याला जाऊन तेच पहिलं सांगितलं. नवरा म्हणाला, चल, सोलकढी गरम होतेय.

दुसरी तक्रार त्या ग्रुपवरच्या भांडणाचीच. गेल्या मीटिंगला बिल्डरचा माणूस टाय लावून आला होता. म्हणाला, ही तुमच्या बिल्डिंगसाठी क्वांटम लीप असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला एकटीलाच हसू आलं, कारण क्वांटम लीप म्हणजे आपल्या अकराव्याची ती एवढीशी उडी. फक्त एक वॉट पिवळा प्रकाश मिळायला दर सेकंदाला अशा साधारण तीन अब्ज अब्ज उड्या लागतात. तेव्हा कार्पेट एरिया फारसा वाढणार नाही हे तो बिचारा पहिल्याच दिवशी खरं सांगून गेला, असं मी धरून चालले आहे.

आणि एक कबूल केलं पाहिजे, कारण प्रॅक्टिकलच्या बाई हे वाचत असल्या तर. रस्त्यावरचा दिवा आणि शेंगांची ज्योत यांचा पिवळा हुबेहूब एक नव्हे. रस्त्यावरच्या दिव्यात सोडियमची वाफ फार दाटीने कोंबलेली असते. त्यामुळे त्याचा रंग दोन्ही बाजूंना फिसकटतो, आणि मधोमध, जिथे खरी 5890ची जागा, तिथला प्रकाश कडेची थंड वाफ स्वतःच गिळून टाकते. म्हणजे सोडियमच्या दिव्यात नेमका सोडियमचाच रंग बेपत्ता. आपल्याकडे दिव्याखाली अंधार म्हणतात; याच्या तर दिव्यातच.

एलईडी आला तेव्हा सगळी गल्ली हळहळली, फक्त बाबा सोडून. त्यांना फरकच कळला नाही. मी म्हणायचे, बाबा, किती पांढरा झालाय बघा. ते गॅलरीतून बघून म्हणायचे, “आहे की पिवळाच.” मला वाटायचं, वयाचा हट्ट आहे. वास्तविक नव्या दिव्यातही पिवळा असतोच: मूळची चकती निळा उजेड देते, त्यावर पिवळ्याचा लेप असतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. ती निळी चकती जमवायला इतकी खटपट पडली की जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना 2014चं नोबेल मिळालं. पण बाबांना दिसत होता तो पिवळा या लेपाचा नव्हता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पिवळी पडलेली भिंगं निळं आत येऊच देत नव्हती. गल्लीतला दिवा गेल्यावरसुद्धा दोनेक वर्षं बाबा त्याच उजेडात राहत होते.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, त्या रात्री ते गॅलरीत आले आणि म्हणाले, “अगं, हे दिवे कधी बदलले?”

परवा संध्याकाळी शेंगांचं भगुणं मध्ये ठेवून आम्ही दोघं बसलो होतो. त्यांना लिंबाचं लोणचं हवं होतं. आईच्या हातची शेवटची बरणी आहे, ती जाऊन सहा वर्षं झाली, आम्ही पुरवून पुरवून खातो. बरणीला दादरा बांधायला आईने ती रिबीन वापरलेली. ती कसलीच वस्तू फेकायची नाही. बाबांनी गाठ सोडली, रिबीन बोटांवरून फिरवली, डोळ्यांजवळ नेली. ऑपरेशननंतर ती त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होती.

“कुठल्या रंगाची आहे?” मी विचारलं.

“थांब,” ते म्हणाले, “दिव्याखाली बघतो,” आणि रिबीन घेऊन गॅलरीत गेले.

बराच वेळ झाला तरी आत आले नाहीत. मी हाक मारली नाही. शेंगा सोलत राहिले. फार खारट झाल्या होत्या.