मूर्ती एकच: ओंकारेश्वर ते नावडातोडी

निघायला चार दिवस उरले असताना तिघींतली मी एकटी राहिले. एकीच्या सासूबाई पडल्या, दुसरीला डॉक्टरांनी गुडघ्यापायी सक्त मनाई केली. दोष दोघींचाही नाही. तिकीट रद्द करायला फोन हातात घेतला, पण बोट पुढे जाईना. दोन वर्षं नर्मदा परिक्रमेचं, म्हणजे नदीला पायी प्रदक्षिणा घालायचं, ठरवत होतो. पुढच्या कार्तिकीला तिघी मोकळ्या असू, हे कुणी सांगावं? निघाले.

अशी वेळ तुमच्यावर आली तर आधी सॅक उपसा. तिघींत वाटलेलं सामान एकटीच्या पाठीवर येतं. तंबू, पातेली, डाळ-तांदूळ मी घरीच ठेवले. 11 किलोचं ओझं 7 वर आलं. या वाटेवर आश्रमात जेवण मिळतं, नाहीतर सदाव्रतात, म्हणजे अन्नदानाच्या ठिकाणी, कोरडा शिधा. औषधांची पिशवी मात्र मैत्रिणीकडेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला तेव्हा आठवली. ती स्वतःची स्वतः भरा.

खंडव्याहून ओंकारेश्वर साधारण 70 किमी, बस मिळते. ज्योतिर्लिंगाचं दर्शन संकल्पाआधी घ्या. ते बेटावर आहे आणि परिक्रमेचा संकल्प केल्यावर मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नसते. ममलेश्वर दक्षिण तटावरच आहे. गोमुख घाटावर पूजा केली, बाटलीत जल भरलं, आणि मैया उजव्या हाताला ठेवून चालू लागले. पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवला, मोरटक्क्यापर्यंत, 12 किमी.

आश्रमात पहिला प्रश्न एकच: "कितनी मूर्ति?" परिक्रमेत माणसं मूर्तीने मोजतात. पहिल्या संध्याकाळी "एक" म्हणताना माझा गळा दाटला. आतून आवाज आला, "माताराम, भोजन पाओ." तेवढंच. एकटी का, बाकीच्या कुठे, कुणी विचारलं नाही.

टोकसरच्या पुढे कापसाच्या शेतांत वाट हरवली. कापूस वेचणाऱ्या बाईने ओटीतला कापूस बांधावर रिता केला, माझी काठी हातात घेतली आणि ओढ्याच्या उतारापर्यंत सोडायला आली. तिची निमाडी बोली मला अर्धीच कळत होती. परत जाताना ती "नर्मदे हर" म्हणाली, आणि मीही, जरा मोठ्यानेच.

रावेरखेडीला घाई करू नका. दगडी आवाराच्या मधोमध थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. 28 एप्रिल 1740 ला ते इथे वारले, घरापासून इतक्या लांब. मी तासभर बसले. पुण्याहून आल्याचं मोठ्याने सांगावंसं वाटलं, सांगितलंही.

एकट्या बाईने सकाळी सहाला निघावं आणि चारच्या आत मुक्काम गाठावा. आश्रमात कुणी माताजी आहेत का ते पाहावं, नसल्यास गावातल्या कुटुंबाकडे विचारावं. मला दोनदा घरात जागा मिळाली. रोज संध्याकाळी गावाचं नाव घरी कळवावं. बडवानीपुढच्या जंगलात, शूलपाणीच्या झाडीत, मात्र एकटीने शिरू नये. मी बडवानीला थांबून सोबत मिळाली तरच पुढे जाणार आहे.

आज सहावा दिवस, नावडातोडी. समोर महेश्वरचा घाट, अहिल्याबाईंचा. दिवे लागलेत, पाण्यात त्यांच्या उभ्या रेघा हलतायत. मैत्रिणींना फोटो पाठवला. गुडघेवालीचा लगेच फोन आला, दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. मग तिने विचारलं, "टाच कशी आहे?"